चेहरे आणि नावे : धर्मग्रामातील छायाचित्र मंडळाविषयी

नाताळ हा मुळातच पाहण्याचा सण आहे. जे अदृश्य होते ते या दिवशी दृश्य झाले, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा. मेंढपाळ ऐकलेल्या वार्तेवर समाधान न मानता रातोरात गोठ्यापर्यंत चालत गेले, ते पाहण्यासाठीच. इटलीतील ग्रेचो या डोंगरगावी १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने गवत पसरले, बैल आणि गाढव आणून उभे केले आणि गव्हाण मांडली, तीही त्या पहिल्या रात्रीचे दारिद्र्य लोकांना चर्मचक्षूंनी दिसावे म्हणून. त्याच्याही कितीतरी आधी, आठव्या शतकात, प्रतिमा असाव्यात की फोडाव्यात यावरून पूर्वेकडील ख्रिस्तमंडळ दुभंगले होते. दमास्कसच्या संत योहानाने प्रतिमांची बाजू मांडली आणि ७८७ साली नायसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने ती उचलून धरली. हा सारा इतिहास एवढ्याचसाठी आठवावयाचा, की प्रतिमा आणि चर्च यांचे नाते फार जुने आहे. त्या नात्यात कॅमेरा हा उशिरा आलेला पाहुणा आहे, आणि आपल्याकडे अद्याप त्याला ओसरीवरच बसवून ठेवलेले आहे.

वसईचे उदाहरण घेऊ. पापडी, सांडोर, गास, नंदाखाल, निर्मळ, आगाशी अशा कुठल्याही धर्मग्रामातील एखाद्या जुन्या घरात शिरावे. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्या बाजूला विवाहाचे छायाचित्र, त्याखाली पहिल्या ख्रिस्तशरीराच्या दिवशी मेणबत्ती हाती धरून उभे असलेले मूल. कपाटात काळ्या जाड कागदाचा आल्बम, चार कोपऱ्यांत चिकटवलेल्या त्रिकोणी टोप्यांत बसविलेली छायाचित्रे आणि मध्ये जाळीदार पातळ कागद. त्यातच कुठेतरी एक चित्र असते, जे पाहुण्यांना सहसा दाखवीत नाहीत : उघड्या शवपेटीभोवती उभे असलेले सारे कुटुंब. कित्येक ख्रिस्ती घरांत ही प्रथा होती. परक्याला ती विचित्र वाटेल. परंतु दूरवर नोकरीला असलेला आणि अंत्यविधीला पोहोचू न शकलेला मुलगा डोळ्यांपुढे आणला, की तिचा अर्थ उमगतो. पुष्कळदा मृत व्यक्तीचे तेवढेच एक छायाचित्र घरात असते.

या आल्बमांना आज दोन शत्रू आहेत. एक कोकणातील दमट हवा. हिच्यामुळे बुरशीची नक्षी निगेटिव्हवर उमटते आणि चिकट पानांच्या आल्बमांतील चित्रे कायमची डकून बसतात. १९७० नंतरच्या रंगीत छायाचित्रांची अवस्था तर अधिकच बिकट, कारण त्यांतील निळसर छटा आधी उडून जाते आणि सारे वऱ्हाड तांबूस होऊन बसते. त्याहून जुनी कृष्णधवल चित्रे मात्र नीट धुतलेली असली तर टिकून आहेत. दुसरा शत्रू याहून मोठा. तो म्हणजे विस्मरण. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगू शकणारे माणूस घरात एकच उरलेले असते, आणि ते माणूस ऐंशीच्या घरात असते.

येथे एक विलक्षण योग आहे, त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. चर्चच्या कचेरीत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. जन्मदिनांक, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, सारे त्यांत शाईने लिहिलेले. म्हणजे चर्चजवळ नावे आहेत, परंतु चेहरे नाहीत. घराघरांतील आल्बमांत चेहरे आहेत, परंतु त्यांखाली नावे नाहीत. या दोहोंची गाठ घालून देणारे कुणीतरी हवे. धर्मग्रामातील छायाचित्र मंडळ ही कल्पना पुष्कळांना हौशी तरुणांचा विरंगुळा वाटते. तिचे खरे प्रयोजन हे आहे.

मंडळ स्थापून छायाचित्रण करण्याची रीत आपल्या प्रांताला नवी नाही. फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जगापुढे मांडली गेली ती १८३९ साली, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्यानंतरच्या, १८५६ च्या. मुंबईच्या या संस्थेत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी वावरत होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार त्यातून घडले.

परंतु त्या काळातील छायाचित्रणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील नाना जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा प्रपंच झाला. त्यांत माणसे आहेत, परंतु बहुतेक ठिकाणी त्यांची नावे नाहीत. आहे ती जात, व्यवसाय, प्रदेश. जॉन्सनने तर स्टुडिओत टिपलेली माणसे वेगळ्याच देखाव्यावर जोडून बसविली. माणूस नमुना म्हणून टिपला गेला, की त्याचे नाव अनावश्यक ठरते. आज कुपारी समाजातील लाल लुगडे नेसलेली एखादी आजी सणासुदीला दिसली, की बाहेरून आलेले छायाचित्रकार तिच्याभोवती कोंडाळे करतात. ते चित्र स्पर्धेत बक्षीसही मिळवते. त्याखाली काय लिहिलेले असते? ‘पारंपरिक वेशातील वृद्धा’. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या खंडांहून हे फारसे निराळे नव्हे. तिच्याच पाखाडीतील मुलीने तेच चित्र टिपले, तर ती खाली आजीचे नाव लिहील, माहेर लिहील आणि हे लुगडे कोणाच्या लग्नात घेतलेले तेही लिहील. दोन चित्रांत प्रकाश तोच असेल, भिंगही तेच असेल. पण दुसरे चित्र घरातले असेल.

लाल लुगड्यावरून आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्या काळच्या काचपट्ट्या आणि फिल्म यांतील पुष्कळशा लाल रंगाला आंधळ्या असत. तांबडे त्यांना काळे दिसे. त्यामुळे अगदी जुन्या कृष्णधवल चित्रात वधूचे लुगडे जवळजवळ काळे उमटलेले आढळते आणि नातवंडे समजतात की तेव्हा लग्नात गडद रंग नेसत असावेत. ते लाल होते हे कागद सांगणार नाही, आजीच सांगेल. म्हणून नावांबरोबर रंगही विचारून ठेवावेत.

हौशी छायाचित्रकाराच्या हातून धर्मजगताला केवढी मोठी गोष्ट लाभू शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इटलीतील तुरीन शहराचे. सेकोंदो पिया हा व्यवसायाने वकील, नगरपालिकेचा सदस्य आणि तेथील हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा सभासद होता. १८९८ च्या मे महिन्यात तेथील पवित्र कफन दर्शनासाठी उघडण्यात आले आणि त्याचे छायाचित्र घेण्याची परवानगी पियाला मिळाली. विजेच्या दिव्यांचा प्रकाश तेव्हा नवखाच. २५ मेचा पहिला प्रयत्न फसला. २८ मेच्या रात्री पुन्हा प्रयत्न झाला आणि अंधारखोलीत काचपट्टी द्रावणातून वर काढताना पियाला दिसले, की कापडावर अस्पष्ट वाटणारी आकृती निगेटिव्हमध्ये स्पष्ट मुखाच्या रूपाने उभी राहिली आहे. पुढे कित्येक वर्षे त्याच्यावर हातचलाखीचे आरोप झाले. १९३१ साली जुझेप्पे एन्रीए या व्यावसायिक छायाचित्रकाराने नव्याने छायाचित्रे घेतली तेव्हा कुठे पियाचे बोल खरे ठरले. त्या वेळी वृद्ध पिया समक्ष हजर होता. कापडाच्या वयाविषयीचा वाद निराळा. १९८८ च्या कार्बन चाचणीने ते मध्ययुगातील ठरविले, त्या निष्कर्षावरही चर्चा चालू आहे आणि ते कापड ख्रिस्ताचेच असा अधिकृत निर्वाळा चर्चने दिलेला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की त्या रात्री अंधारखोलीत उभा असलेला माणूस एका हौशी मंडळाचा सभासद होता. क्रुसाच्या वाटेवरील सहाव्या स्थानी येशूचे मुख पुसणारी वेरोनिका छायाचित्रकारांची आश्रयदाती मानली जाते. तिच्या वस्त्राची कथा आणि पियाची काचपट्टी यांत श्रद्धावंतांना साम्य दिसले तर नवल नाही.

दुसरे उदाहरण एका धर्मगुरूचे. आयर्लंडमधील येशूसंघीय फादर फ्रँक ब्राउन यांना त्यांच्या बिशप चुलत्यांनी कॅमेरा दिला आणि १९१२ मध्ये टायटॅनिक जहाजाच्या पहिल्या सफरीचे तिकीटही दिले, परंतु ते आयर्लंडमधील क्वीन्सटाउनपर्यंतचेच. जहाजावर भेटलेल्या एका श्रीमंत कुटुंबाने अमेरिकेपर्यंतचा खर्च करण्याची तयारी दाखविली. संघाच्या वरिष्ठांची परवानगी तारेने मागविली गेली. उतरून परत यावे, अशी आज्ञा आली आणि फ्रँक उतरले. म्हणून ते वाचले, आणि त्या जहाजावरील जीवनाची त्यांनी टिपलेली छायाचित्रेही वाचली. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. फादर ब्राउन १९६० मध्ये वारले. त्यांच्या सुमारे ४२ हजार निगेटिव्ह एका पत्र्याच्या ट्रंकेत पंचवीस वर्षे पडून होत्या. १९८५ मध्ये त्यांच्याच संघाच्या दुसऱ्या फादरांनी ती ट्रंक उघडली तेव्हा जुनी फिल्म खराब होऊ लागली होती. ती सुरक्षित फिल्मवर उतरवून घ्यावी लागली. एवढ्या विद्वान संघातही ट्रंक पंचवीस वर्षे बंद राहू शकते. मग आपल्या पाखाडीतील माळ्यावरच्या ट्रंकेची काय कथा!

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे वळू. मंडळ सुरू करावयाचे म्हणजे काय करावयाचे? चर्चच्या सभागृहातील एक कपाट, आठदहा माणसे आणि महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ, एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. कॅमेऱ्यांची वाण आज कुठेच नाही. एके काळी आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा घरात असणे ही प्रतिष्ठा होती. एका रोलमध्ये बारा चित्रे, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस बारा वेळा विचार करी. उटीच्या सरकारी कारखान्यातील ‘इंदू’ फिल्मही पुष्कळांनी वापरली असेल. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये हजारो चित्रे असतात, आणि फोन बदलला की ती जातात. म्हणून मंडळाचे पहिले काम चित्रे काढणे हे नसून निवडणे हे आहे. सणाच्या रात्री टिपलेल्या चारशेंतून दहाच निवडावीत, त्यांचे कागदावर ठसे काढावेत, त्यांमागे मऊ पेन्सिलीने नाव, दिनांक आणि स्थळ लिहावे. उरलेल्यांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. बॉलपेनने लिहू नये, शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि लॅमिनेशनच्या मोहात तर मुळीच पडू नये.

धर्मगुरूंची परवानगी हा उपचार नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांचे स्वागत करणारा आदेश काढला खरा. परंतु रोमनेच २५ मे १९६७ च्या पवित्र मिस्साविषयीच्या सूचनापत्रात छायाचित्रणामुळे उपासनेत व्यत्यय येऊ नये, अशी स्पष्ट ताकीद दिली. ती किती पाळली जाते हे कोणत्याही लग्नाच्या मिस्साला दिसते. वधूवर वेदीसमोर आणि भाविकांसमोर छायाचित्रकारांच्या पाठी! मंडळ असेल तर एक सोपा नियम करता येतो : मिस्साच्या वेळी मंडळाचा एकच सभासद, एका ठरलेल्या खांबाजवळ, झगमगत्या दिव्याविना, अर्पणाच्या क्षणी त्यानेही कॅमेरा खाली ठेवून गुडघे टेकावेत. मध्यरात्रीच्या मिस्सात मेणबत्त्यांचा उजेड पुरत नाही असे म्हणणाऱ्यांनी खांबाला टेकून, श्वास रोखून, सावकाश चित्र घेण्याचा सराव करावा. फ्लॅशने मेणबत्तीची ज्योत मरते आणि चेहरा पिठासारखा पांढरा दिसतो, एवढे एकदा ध्यानात आले की कोणी फ्लॅश मागणार नाही. शोकाच्या प्रसंगी घरच्यांनी बोलावल्यावाचून जाऊ नये. मुलांची चित्रे पालकांना विचारल्यावाचून कुठेही देऊ नयेत. ‘आपलीच माणसे आहेत’ हे न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही.

घरोघरची जुनी चित्रे मागून आणू नयेत. घरातून आल्बम बाहेर गेला की तो परत येत नाही, असा लोकांचा अनुभव आहे आणि तो निराधार नाही. मंडळानेच घरी जावे. दोघांची जोडी असावी, एक तरुण आणि एक वयस्क. पहिल्याने कॅमेरा धरावा, दुसऱ्याने बोलते करावे. ओसरीवरचा सावलीतला दिवसाचा उजेड नकला घेण्यास उत्तम. डकलेले चित्र ओढून काढू नये, पानच्या पान टिपावे. सुटे असेल तर मागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि एखादी तारीख तेथेच सापडते. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप पॉल सहावे आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्या गर्दीत वसईची माणसे होती. कोणाच्या आल्बमात तो दिवस दडलेला आहे, हे विचारल्याविना कळायचे नाही. या कामात स्त्रियांना मंडळात निम्मी जागा हवी, हे सौजन्य म्हणून सांगत नाही. आल्बम सांभाळले ते त्यांनीच, आणि नाती तोंडपाठ असतात ती त्यांनाच.

घराबाहेरचे कामही थोडे नाही. वसईच्या गल्लीबोळांत, वाड्यांच्या तोंडाशी जुने क्रूस उभे आहेत. काहींवर साल आणि नाव कोरलेले आहे; वर्षानुवर्षे चुन्याचे हात देऊन अक्षरे बुजत चालली आहेत. रस्ते रुंद होत आहेत. दुपारच्या उन्हात अशी अक्षरे दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडतो तेव्हा, नाहीतर रात्री बाजूने बॅटरी धरून, ती अचानक उठून दिसतात. दफनभूमीतील शिळांनाही हीच युक्ती लागू आहे. जागेच्या टंचाईमुळे जेथे कबरी पुन्हा वापरल्या जातात, तेथे शिळा हलण्यापूर्वी तिचे चित्र घेणे हे काम पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

तीच गोष्ट वाडीची. केळीच्या बागा, पानवेलीचे मळे, बावखले, उन्हात वाळत घातलेली सुकेळी, पाचूबंदरच्या होड्या. वसईचा हिरवा पट्टा वाचविण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथे मोठे लोकआंदोलन झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात अग्रभागी होते. २०२४ साली ते गेले. त्यांच्या लेखनातून ती वसई शब्दांत उरली आहे. कोणते बावखल कोणत्या साली बुजले, हे मात्र एकाच जागेवरून दरवर्षी घेतलेले छायाचित्रच पुराव्यानिशी दाखवू शकते. याउलट किल्ल्यातील मावळता सूर्य हा वसईच्या हौशी छायाचित्रकारांना जडलेला जुना विकार आहे. भग्न कमान, तिच्यात लाल बिंब आणि एक कावळा. असे चित्र दर आठवड्याला कोणीतरी काढतेच. मंडळाने पहिली काही वर्षे त्यापासून आणि बक्षिसांच्या स्पर्धांपासून दूर राहिलेले बरे.

किल्ल्याचाच विषय निघाला म्हणून एक आठवण. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. त्यांच्या मूर्ती आणि तसबिरी आपण पाहतो, त्या साऱ्या कल्पनेने घडविलेल्या. ते कसे दिसत होते, कोणालाही ठाऊक नाही. त्यांच्या काळी इलाज नव्हता.

यंदा नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत घरोघरी माणसांची ये-जा असते, दूरगावचे आणि परदेशातले आप्त आलेले असतात. मंडळाची सुरुवात करण्यास याहून योग्य दिवस नाहीत. धर्मग्रामातील एकच जुने समूहचित्र घ्यावे, शाळेचे, बँडपथकाचे किंवा एखाद्या लग्नाचे, आणि ते मोठे करून सभागृहाच्या दाराशी लावावे. त्यावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक आकृतीची बाह्यरेषा काढावी आणि तीत क्रमांक घालावा. खाली वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. मिस्सा संपल्यावर लोक थांबतील, वाद घालतील, चष्मे पुसतील, क्रमांकापुढे नावे लिहितील, दुसऱ्याने लिहिलेले खोडून आपले लिहितील. खोडलेलेही तसेच राहू द्यावे. तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी ज्या क्रमांकांपुढची जागा कोरी असेल, ते क्रमांक धर्मगुरूंनी घोषणांच्या वेळी वाचून दाखवावेत, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ख्रिस्तशरीर देण्यास जाताना त्या चित्राची एक प्रत सोबत न्यावी.